सात महिन्यांचं वर्ष

सकाळी नळ गेला की आमच्या कंपाऊंडवर सभा भरते. सभासद दोन: मी आणि शेजारच्या माई. मधली भिंत माझ्या छातीला लागते आणि माईंच्या हनुवटीला, म्हणून त्यांनी आपल्या बाजूला एक घमेलं पालथं घालून ठेवलंय. नुसता कढीपत्ता हवा असला तर त्या खालूनच हाक मारतात. घमेल्यावर चढल्या की समजायचं, विषय मोठा आहे.

परवा त्या घमेल्यावर चढल्या ते हातात लाइटबिल घेऊन.

"अगं, गेली ती पोरं."

"कोणती?"

"ध्रुवनगरची. किल्ली एजंटाकडे टाकली आणि पसार. तीन महिन्यांचं बिल ठेवून गेली बघ. मीटर अण्णांच्या नावावर, म्हणजे महावितरणच्या लेखी दिवे अण्णांनीच जाळले!"

"पण डिपॉझिट होतं ना तुमच्याकडे?"

"होतं ना. दोन महिन्यांचं. शेवटचे दोन महिने फोन केला की एकच उत्तर, काकू, डिपॉझिटमधून कापून घ्या. घेतलं कापून. आता बिलाला काय कापू, केस?"

इथे थोडं मागचं सांगायला हवं. अण्णा म्हणजे माईंचे यजमान. नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यातून ते २०१९ साली निवृत्त झाले. आमच्या गंगापूर रोडला निवृत्त माणसाचे छंद दोन: सकाळी सोमेश्वरपर्यंत चालत जायचं आणि वाटेत दिसेल त्या नव्या बिल्डिंगचा भाव विचारायचा. पहिला छंद फुकट असतो. फंडाचे पैसे हातात आले तेव्हा माई म्हणत होत्या, पोस्टात टाका. अण्णांचं उत्तर सगळ्या गल्लीला पाठ आहे: "पोस्टाच्या पुस्तकाला बाल्कनी असते का?" झालं. ध्रुवनगरला टू बीएचके, तिसरा मजला, ४२ लाख. मुलगा पुण्यात, मुलगी कॅनडात. राहायला कुणी येणार नव्हतंच. भाडं येईल, घरबसल्या पेन्शन होईल, असा हिशेब.

घरबसल्या! हा शब्द काढला की माई अजून हसतात.

पोरं गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर फ्लॅट बघायला गेले. करार चौघांचा होता, राहायला किती होते ते चपलांच्या स्टँडलाच ठाऊक. चौघंही इंजिनिअरिंगची. गंगापूर रोडवर मविप्र संस्थेचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, केटीएचएम कॉलेज आहे, पलीकडे कॉलेज रोडला क्लासच क्लास. सटाणा, कळवण, शहादा, धुळे इथली पोरं दर जूनला पिशव्या घेऊन उतरतात. पोरं वाईट नव्हती हो. दिवाळीला माईंना फराळाचा डबा आणून द्यायची. पण मधल्या खोलीत गादी होती त्या भिंतीवर, उशीच्या उंचीला, हातभर लांब गणिताची सूत्रं लिहिलेली. काळ्या मार्करनं. रंगारी म्हणाला, ही शाई दोन हात मारले तरी वर येते, आधी प्रायमर मारावा लागेल, त्याचे वेगळे. माई कपाळाला हात लावून बसल्या. अण्णा मात्र चष्मा वर-खाली करत भिंतीशी उभे. पाच मिनिटांनी म्हणाले, "तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलंय गाढवानं." आणि खिशातली पेन्सिल काढून त्यांनी ते दुरुस्त केलं. रंग द्यायच्या आदल्या दिवशी!

"आता कळलं ना, हा माणूस भाडं कसं वसूल करत असेल ते," माई मला म्हणाल्या.

तर त्या लाइटबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही भिंतीवर कागद ठेवून हिशेब मांडला. माझे हे बँकेत होते, त्यामुळे मला मांडायची सवय. लिहिते तसा वाचा, तुमच्याही उपयोगी पडेल.

भाडं महिना १४ हजार, म्हणजे बारा महिन्यांचं १ लाख ६८ हजार. अण्णा नेहमी एवढाच आकडा सांगतात आणि थांबतात. पुढे माईंचे आकडे. सोसायटीचा मेंटेनन्स दीड हजारानं वर्षाला १८ हजार. स्वतः राहत नाही म्हणून बिनवापर शुल्क १,८००. घरपट्टी-पाणीपट्टी ९ हजार. दोन भाडेकरूंच्या मध्ये घर रिकामं राहतं, त्याचा सरासरी एक महिना, १४ हजार. एजंट दर करारामागे एक महिन्याचं भाडं घेतो, करार दोन वर्षांचा, तेव्हा वर्षाचे ७ हजार. रंगाचे दोन वर्षांनी ३० हजार, वर्षाचे १५. नळ, फ्लश, गीझर, दाराचं लॅच धरून ६ हजार. बेरीज ७० हजार ८००.

उरले ९७ हजार २००. त्याला १४ हजारांनी भागलं. पुरते सातही येईनात.

माई बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आपलं वर्ष सात महिन्यांचं."

मला त्यांचं हे वाक्य फार आवडलं. पण मी बँकवाल्याची बायको, थांबते कुठली? म्हटलं, माई, फ्लॅट ४२ लाखांचा, पण मुद्रांक शुल्क, नोंदणी, खिडक्यांच्या जाळ्या, किचन ट्रॉल्या धरून ४६ पडला ना? त्यावर हे ९७ हजार म्हणजे शेकडा सव्वादोनसुद्धा नाही. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत एप्रिल २०२३ पासून ३० लाखांपर्यंत ठेवता यायला लागले, आणि तेव्हा व्याज होतं ८.२ टक्के. ३० लाखांवर तिमाहीला ६१ हजार ५००. व्याज करपात्र असतं, कबूल, पण पोस्टाला रंग द्यावा लागत नाही.

एवढ्यात अण्णा पेपर घेऊन अंगणात आले. त्यांना आकडे ऐकू गेले होतेच. "आणि फ्लॅटची किंमत वाढली ती? एजंट आज ५८ म्हणतो."

"एजंट म्हणतो," माई घमेल्यावरूनच वळल्या. "गिऱ्हाईक म्हणतं का? समोर नवी बिल्डिंग झाली, तिला जिम आहे. आपल्याला काय आहे? जिना."

अण्णांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, हे मला मान्य आहे. किंमत वाढते, आणि सव्वादोन टक्क्यांचं घर लोक त्याच आशेवर सांभाळतात. पण ती वाढ विकल्याशिवाय हातात येत नाही, आणि अण्णा विकणार नाहीत. कर्ज काढून असा फ्लॅट घेणाऱ्यांचं मला मात्र खरंच नवल वाटतं. हप्त्याचं व्याज त्याच्या कितीतरी पट, भाडं सव्वादोनाचं, मधला खड्डा पगारातून भरायचा. प्राप्तिकरात भरलेली घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. घराला खर्च असतो हे सरकारला तेवढंच समजतं.

घरपट्टीवरून आठवलं. २०१८ साली तुकाराम मुंढे आयुक्त होते तेव्हा पालिकेनं करयोग्य मूल्याचे दर वाढवले आणि शहरभर बोंब झाली. मोकळ्या जागांवरही कर म्हणून शेतकरी रस्त्यावर आले. मुंढे त्याच वर्षी बदलून गेले. तेव्हापासून फ्लॅटचा सौदा करताना आमच्या गल्लीत दोन प्रश्न आधी विचारतात: घरपट्टी किती आणि ओल कुठे?

ओलीचं सांगते. नाशिकचा पाऊस पश्चिमेकडून येतो, त्र्यंबकच्या बाजूनं, आणि झोडपतो ती पश्चिमेचीच भिंत. माईंच्या फ्लॅटची मागची बेडरूम नेमकी तिकडे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आम्ही सगळे छत्र्या घेऊन सोमेश्वरचा धबधबा बघायला जातो. माई त्या वेळी त्या बेडरूममध्ये भिंतीवर तळवा ठेवून उभ्या असतात. वर न्हाणीघराच्या फरशीतून खालच्यांच्या छताला पाझर लागला होता, त्याचं सोसायटीचं पत्र आलं ते वेगळंच. फरशी फोडायची, वॉटरप्रूफिंग करायचं, पुन्हा फरशी. भाडेकरू आठ दिवस आंघोळीला कुठे जाणार? जातो मित्राकडे, आणि त्या आठ दिवसांचं भाडं कापतो. कापेल नाही तर काय.

नदीकाठच्या घरांबद्दल तर बोलायलाच नको. आम्ही स्वतः २००८ मध्ये आनंदवल्लीच्या बाजूला एका नियोजित इमारतीत फ्लॅट बुक करायला निघालो होतो. गॅलरीतून गोदावरी दिसणार, असं चित्र छापलेलं. सप्टेंबरात पूर आला. चित्रातली गोदावरी गॅलरीत यायला फार वेळ लागला नसता. पुरानंतर पाटबंधारे खात्यानं निळी आणि लाल पूररेषा आखली आणि कितीतरी लोकांचे प्लॉट त्या रेषांत अडकले. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, लालपर्यंत अटी. ह्यांनी तेव्हा मला कपाटात ठेवलेले बुकिंगचे पैसे परत मोजून दाखवले होते. तसा प्रसंग आमच्या संसारात पुन्हा आला नाही.

पण माईंची खरी भीती पैशांची नाही. त्यांचं सासर जुन्या नाशकातलं, वाड्यातलं. वाड्यात पाच बिऱ्हाडं. १९४७ चा भाडे कायदा, भाडी १९४० च्या सप्टेंबरात गोठलेली. सासरे गेले तेव्हा एका खोलीचं भाडं महिना अठरा रुपये होतं, आणि ते मागायला गेलं की भाडेकरू म्हणायचा, आधी कौलं शाकारून द्या. कौलांचा खर्च अठरा रुपयांतून कसा करायचा? नाही केला. जुन्या नाशकात दर पावसाळ्यात वाड्याची भिंत पडल्याची बातमी येते ना, तिच्यामागे बहुधा हाच हिशेब असतो. मालक परवडत नाही म्हणून दुरुस्त करत नाही, भाडेकरू जागा जाईल म्हणून सोडत नाही, पालिका दोघांनाही नोटीस देते. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आला, त्यात जुन्या भाडेकरूंचं भाडं वर्षाला ४ टक्के वाढवायची मुभा मालकांना मिळाली. अठरावर चार टक्के. बहात्तर पैसे.

म्हणून ध्रुवनगरला पहिला भाडेकरू ठेवायच्या वेळी माईंनी सांगितलं, "भाडेकरू नको. लिव्ह अँड लायसन्स." बरोबर होतं त्यांचं. नव्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे परवान्याची मुदत संपली की घर सोडावं लागतं, आणि नाही सोडलं तर दुप्पट भाड्यानं भरपाई मागता येते. फक्त त्याला नोंदलेला करार लागतो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, अशी एक समजूत एजंट लोक अजूनही चहाबरोबर पाजतात. महाराष्ट्रात ते खोटं. कलम ५५ म्हणतं, करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर उलटं सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या. खर्च तरी किती? एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांचं मानलेलं व्याज, त्यावर पाव टक्का मुद्रांक. शहरात नोंदणी फी एक हजार.

त्या पोरांचा करार इथेच झाला, याच भिंतीवर. एजंटाचा माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन दारी आला. फ्लॅट दोघांच्या नावावर, म्हणून अण्णा आणि माई दोघांचे अंगठे, पोरांचे चार, आणि साक्षीदार आम्ही दोघं नवरा-बायको. आम्हाला फाटकातून फिरून जायचा कंटाळा, म्हणून लॅपटॉप भिंतीच्या माथ्यावर ठेवला. सगळ्यांचे अंगठे लागले. माईंचा लागेना. पन्नास वर्षं भांडी घासली, कणीक मळली, रेषा उरल्यात कुठे? उजवा झाला, डावा झाला, पदरानं पुसून झाला, कोमट पाण्यात बुडवून झाला. यंत्र लाल दिवाच दाखवी. शेवटी एजंटाचा माणूस म्हणाला, "आजी, अंगठा जरा कपाळावर घासा. तेलकटपणा आला की घेतं."

माईंनी घासला. पुन्हा लाल.

"कपाळ घासून झालं," माई म्हणाल्या, "आता नाक घासायचं तेवढं राहिलं. कुणापुढे घासू सांग, तुझ्या यंत्रापुढे का या पोरांपुढे?"

पोरं खो खो हसली, आणि त्या हसण्यात माईंचा अंगठा कसा काय तो लागून गेला. मग भाडेकरूंची माहिती पोलिसांच्या संकेतस्थळावर भरायची. तेही त्याच माणसानं केलं, तीनशे रुपये जास्त घेऊन. माईंनी दिले. पोलिसांत नाव देण्याचा त्यांनी कधी कंटाळा केला नाही. तो करूही नये.

सोसायटीचा एक अध्याय वेगळा आहे. अध्यक्षांनी पोरांना बघितल्याबरोबर सांगितलं, अविवाहितांना आमच्याकडे परवानगी नाही. कुठल्या नियमात? त्यांच्या नियमात. वर बिनवापर शुल्क म्हणून महिना हजार रुपये लावले. माई मराठी शाळेत शिकलेल्या, पण कागद वाचतात. १ ऑगस्ट २००१ चा सरकारी आदेश आहे: पालिकेचे कर वगळून जे सेवाशुल्क असेल त्याच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त बिनवापर शुल्क सोसायटीला घेता येत नाही. त्याची प्रत काढून त्या सभेत गेल्या. हजाराचे दीडशे झाले. पोरंही राहिली. अध्यक्ष अजून लिफ्टमध्ये नमस्कार करत नाहीत.

कोपऱ्यावरचा बंगला बंदच असतो, तुम्ही पाहिला असेल. मुलगा न्यू जर्सीत. त्याला भाडेकरू मिळेना, कारण मालक अनिवासी असला की भाडं कितीही छोटं असो, भाडेकरूला त्यातून कर कापून सरकारात भरावा लागतो. अंबडच्या कंपनीत नोकरी करणारा कोण पोरगा हे झंजट गळ्यात घेईल? तेव्हा बंगल्यात पारवे राहतात, बिनभाड्याचे.

आता अण्णांच्या डोक्यात सिंहस्थ घुसलाय. २०२७ चा कुंभ. कुणीतरी त्यांना सांगितलं, भाडेकरू ठेवूच नका, फ्लॅट मोकळा ठेवा, पर्वणीला रोजाचे पाच हजार देतात लोक. मी म्हटलं, अण्णा, २०१५ आठवा. माझ्या नणंदेनं चांगलं बिऱ्हाड काढून पंचवटीजवळचा ब्लॉक रिकामा ठेवला होता. पहिल्या पर्वणीला पोलिसांनी एवढे कठडे लावले की भाविकच शहरात पोचेनात, दुकानदार माश्या मारत बसले. नणंदेकडे दोन महिन्यांत राहायला कोण आलं? तिचीच सासरची माणसं. आंघोळ, जेवण, मुक्काम सगळं फुकट, वर परत जाताना साड्या.

"मग काय करायचं म्हणतेस?" अण्णांनी विचारलं. फ्लॅट घेतल्यापासून पहिल्यांदा विचारलं, हे माईंनी मला डोळ्यांनीच दाखवलं.

उत्तर माईंनी दिलं. विकायचा नाही, कारण विकून आलेले पैसे अण्णा पुन्हा कुठल्या तरी बाल्कनीत घालतील. कुंभासाठी रिकामा ठेवायचा नाही. डिपॉझिट तीन महिन्यांचं, आणि शेवटच्या महिन्यांत ते कापून घ्या म्हणायचं नाही, हे करारात लिहायचं. लाइटबिल मोबाइलवर आपल्यालाही येईल असं बघायचं, म्हणजे महिना चुकला की लगेच कळेल. तीन महिन्यांनी एकदा सांगून जाऊन घर बघून यायचं. आणि घरखर्चाला धरायचे सात महिने. आठवा मिळाला तर तो रंगाचा.

"आणि पोरांना भिंतीवर लिहायचं असेल तर?" मी विचारलं.

"फळा देईन विकत. अण्णा तपासतील."

तेव्हा कुणी असेल तर सांगा. ध्रुवनगर, टू बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट आहे, दुचाकीला जागा आहे, चारचाकीला नाही. भाडं १५ हजार, दोन वर्षांचा नोंदणीकृत करार, नोंदणीचा खर्च अर्धा-अर्धा. अविवाहित चालतील, पण चार म्हणजे चारच. मागच्या बेडरूमला पावसाळ्यात ओल येते, हे आत्ताच सांगून ठेवते. कपाट त्या भिंतीला लावू नका. एजंट नको. सकाळी नळ गेल्यावर या, आम्ही दोघी भिंतीवरच असतो.